जाहिरातीत हवीशी, वर्गात परकी: जपानची ‘हाफू’ मुलं

१९६६ च्या उन्हाळ्यात शिसेइदो या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचं एक पोस्टर जपानभर लागलं. फोटो हवाईच्या किनाऱ्यावर काढलेला. उन्हानं रापलेली कांती, टपोरे डोळे आणि नजर थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. गोऱ्या कांतीसाठी जीव टाकणाऱ्या देशात ही जाहिरात चक्क उन्हात जायला सांगत होती. लोक ही पोस्टरं भिंतीवरून काढून घरी नेत, असं आजही सांगितलं जातं. त्यातली मुलगी होती बिबारी माएदा. आई जपानी, वडील अमेरिकन.

बिबारीचा जन्म १९४८ चा. त्याच वर्षी कानागावा प्रांतातल्या ओइसो या समुद्रकाठच्या गावात मिकी सावादा नावाच्या बाईंनी एक अनाथाश्रम उघडला, एलिझाबेथ साँडर्स होम. सावादाबाई म्हणजे मित्सुबिशीच्या संस्थापकांची नात. युद्ध हरल्यावर जपानवर १९५२ पर्यंत अमेरिकी सैन्याचा अंमल होता. सैनिकांपासून जपानी बायकांना झालेली कित्येक मुलं रस्त्यावर, स्टेशनवर सोडून दिली जात होती. बाई स्वतः सांगत, की एकदा आगगाडीत वरच्या फळीवरून एक गाठोडं त्यांच्या मांडीवर पडलं. उघडून पाहिलं तर आत काळ्या वर्णाच्या तान्ह्या बाळाचं प्रेत. बाळ यांचंच असणार, असा संशय त्यांच्यावरच घेतला गेला. पुढे त्यांनी माहेरचा सरकारजमा झालेला बंगला पैसे गोळा करून सोडवला आणि अशी मुलं तिथे सांभाळायला घेतली. त्यांतली बरीचशी मोठी होता होता अमेरिकेत दत्तक गेली, काही ब्राझीलला गेली. आपल्याच देशात त्यांना ठाव नव्हता.

म्हणजे १९४८ साली ज्या चेहऱ्यांसाठी परदेशात घर शोधावं लागत होतं, तशाच एका चेहऱ्याचं पोस्टर १९६६ साली लोक घरी नेत होते. अठरा वर्षांत जपानी समाजाचं मन पालटलं, असं यावरून वाटू शकेल. मला तसं वाटत नाही. कौतुक करणं आणि आपलं म्हणणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि जपानमध्ये मिश्र वंशाच्या माणसांच्या वाट्याला पहिली भरभरून आली, दुसरी फार कमी. हे नेमकं कसं घडलं, तेच या लेखात सांगायचं आहे.

आधी शब्द. ज्याच्या आईवडिलांपैकी एक जपानी आणि एक परदेशी, त्याला जपानमध्ये ‘हाफू’ म्हणतात. इंग्रजीतल्या ‘हाफ’चं हे जपानी रूप. १९७० मध्ये ‘गोल्डन हाफ’ नावाचा मुलींचा गाण्याचा गट गाजला आणि हा शब्द घरोघरी पोचला. त्याआधीचे शब्द सरळ शिवी वाटावी असे होते. ‘हाफू’ काहींना खटकतो, अर्धंच कशाला म्हणून, पण रोजच्या बोलण्यात चालतो तो हाच.

आता सौंदर्याचं. जपानी लोकांना गोऱ्या कांतीचं वेड युरोप-अमेरिकेमुळे लागलं, असं अनेकजण लिहितात. ते अर्धवट आहे. ‘गोरा रंग सात उणिवा झाकतो’ ही म्हण जपानी भाषेत फार जुनी आहे, आणि चेहऱ्याला पांढरी भुकटी फासायची रीतही पाश्चात्त्य लोक येण्याच्या कितीतरी आधीची. पाश्चात्त्यांमुळे भर पडली ती दुसऱ्या गोष्टींची: उंची, लांब पाय, उठावदार नाक, खोल डोळे. याला एक तारीखही देता येते. १९५३ मध्ये किनुको इतो ही मुलगी विश्वसुंदरी स्पर्धेत तिसरी आली आणि तेव्हापासून ‘हात्तोशिन’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. डोक्याच्या आठपट उंची म्हणजे आदर्श बांधा, असा त्याचा अर्थ. हे माप बहुतेक जपानी बायकांच्या अंगाला बसणारं नव्हतंच. तरी ते माप झालं. घरचं जुनं गोरेपण आणि बाहेरून आलेला बांधा असे दोन आदर्श एकत्र आले आणि ते दोन्ही ज्या चेहऱ्यात सापडत होते, तो चेहरा होता गोऱ्या बापाच्या किंवा गोऱ्या आईच्या हाफू मुलीचा.

धंद्याच्या बाजूनं पाहिलं तर हे गणित फार अवघड नाही. साबण, क्रीम, कपडे विकताना कंपनीला गिऱ्हाइकाच्या मनात हाव जागवायची असते, पण ती आवाक्यातली वाटली पाहिजे. पूर्ण युरोपीय मॉडेल घेतली तर बघणारीला वाटतं, ही दुनियाच वेगळी. शेजारच्या घरातली वाटावी अशी मुलगी घेतली तर स्वप्न उरत नाही. हाफू मॉडेल या दोन्हींच्या मध्ये उभी राहते: परदेशासारखी दिसते, जपानी बोलते, जपानी पद्धतीनं वाकून नमस्कार करते. जाहिरातदाराला यापेक्षा सोयीचं काय हवं? ‘विवी’सारख्या तरुणींच्या मासिकानं २०१० च्या आसपास रोला, किको मिझुहारा, त्रिंदल रेना अशा मिश्र वंशाच्या मॉडेलना मुखपृष्ठावर आणलं आणि त्या घराघरांत ओळखीच्या झाल्या. रोलाचे वडील बांगलादेशी. किकोचे वडील अमेरिकन आणि आई जपानमध्ये वाढलेली कोरियन, म्हणजे वंशानं पाहिलं तर तिच्यात जपानी कोणीच नाही. पण मासिकाला वंशावळ नको होती, दिसणं हवं होतं.

याच काळात ‘हाफू-गाओ’ म्हणजे हाफूसारखा चेहरा करायच्या मेकअपचं पेव फुटलं. तो करतात कसा, हे नीट बघण्यासारखं आहे. डोळ्यांत फिकट तपकिरी किंवा करड्या रंगाच्या लेन्स. पापणीवर बारीक चिकटपट्टी किंवा गोंद, म्हणजे पापणीला घडी पडते आणि डोळा मोठा दिसतो. भुवईच्या आतल्या टोकापासून नाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली तपकिरी सावली, मधोमध पांढरी रेघ, की नाक उंच भासतं. खोट्या पापण्या. केस राखाडी झाक असलेल्या तपकिरी रंगात रंगवलेले. हे सगळं सामान औषधाच्या दुकानात मिळतं, शिकवणारे व्हिडिओ ढिगानं आहेत.

आणि आता शाळेत चला. जपानमधल्या असंख्य शाळांत मुलांचे केस काळे आणि सरळच असले पाहिजेत असा नियम असे, काही ठिकाणी अजून आहे. ज्यांचे केस जन्मतः तपकिरी किंवा कुरळे, त्यांनी ‘हे माझे मूळचे केस आहेत’ असं पालकांच्या सहीचं पत्र द्यायचं. काही शाळा लहानपणचा फोटोही मागत. २०१७ मध्ये ओसाकातल्या एका सरकारी शाळेच्या विद्यार्थिनीनं खटला भरला, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे तिला जन्मतः तपकिरी असलेले केस पुन्हापुन्हा काळे करायला लावले जात होते. ही मुलगी हाफूही नव्हती. वर्गाच्या काळ्या रंगात केस मिसळत नाहीत, एवढाच तिचा गुन्हा. २०२१ मध्ये कोर्टानं तिला ३ लाख ३० हजार येन भरपाई दिली, पण ती शाळेनं वर्गातून तिचं बाक हटवलं आणि पटावरून नाव काढलं म्हणून. केसांचा नियम कोर्टानं योग्यच ठरवला. पुढे २०२३ मध्ये हिमेजी शहरात, वडील कृष्णवर्णीय आणि आई जपानी असलेला एक मुलगा बारीक वेण्या घालून शाळेच्या निरोप समारंभाला गेला. केस नीटनेटके दिसावेत म्हणून घातलेल्या वेण्या. त्याला बाकीच्या मुलांपासून दूर, वरच्या मजल्यावर बसवलं आणि नाव पुकारलं तरी ‘हजर’ म्हणायचं नाही असं बजावलं.

एकीकडे दुकानात जे विकत मिळतं, तेच दुसरीकडे मुलानं जन्मासोबत आणलं तर त्याला खुलासा द्यावा लागतो. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. बाईनं केलेला मेकअप हे तिचं ‘परदेशी दिसणं’ असतं, ते रात्री धुऊन टाकता येतं, आणि खाली ती जपानीच असते. मुलाचे केस धुऊन जात नाहीत.

आणि जाहिरातीतलं कौतुक आहे ते गोऱ्या हाफूंचं. काळ्यासावळ्या मुलांच्या वाट्याला ते कौतुकही येत नाही.

मार्च २०१५ मध्ये आरियाना मियामोतो ‘मिस युनिव्हर्स जपान’ झाली. जन्म नागासाकी प्रांतातल्या सासेबोचा, जिथे अमेरिकी नौदलाचा तळ आहे. वडील आफ्रिकी-अमेरिकी, आई जपानी. जपानी ही तिची मातृभाषा, आणि जपानी सुलेखनात तिनं वरची पायरी गाठलेली. निकाल लागल्या दिवसापासून इंटरनेटवर एकच ओरड: ही कसली जपानी? लहानपणी वर्गातली मुलं तिचा हात धरायला तयार नसत, रंग आपल्याला लागेल म्हणून. तिनं नंतर सांगितलं, की एका मिश्र वंशाच्या मित्रानं आत्महत्या केली आणि त्यानंतर आपण स्पर्धेत उतरायचं ठरवलं. विश्वसुंदरीच्या अंतिम फेरीत ती पहिल्या दहांत पोचली.

पुढच्याच वर्षी प्रियांका योशिकावा ‘मिस वर्ल्ड जपान’ झाली. तिचे वडील बंगाली, कोलकात्याचे. तिच्या बोलण्यातून आरियानाबद्दलची कृतज्ञता उघड दिसत होती: तिनं वाट मोकळी केली म्हणून मी येऊ शकले. परदेशात काही वर्षं राहून प्रियांका लहानपणी जपानला परतली, तेव्हा शाळेतली मुलं तिला जंतू असल्यासारखं वागवत, शिवलं तर काही वाईट लागेल अशा भावनेनं. हे वाचताना महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. स्पर्श टाळणं म्हणजे काय, ते आपल्या समाजाला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे.

जानेवारी २०१९ मध्ये निस्सिन या नूडल्सच्या कंपनीनं टेनिसपटू नाओमी ओसाकाला घेऊन एक कार्टून जाहिरात केली. नाओमीचे वडील हैतीचे, आई जपानी. आदल्या वर्षी अमेरिकी ओपन जिंकून ती देशाची लाडकी झालेली. कार्टूनमधली नाओमी मात्र गोरी होती आणि तिचे कुरळे केस फिकट, मऊ लाटांसारखे झालेले. टीका झाली, कंपनीनं माफी मागून जाहिरात मागे घेतली. मुद्दाम गोरं करायचा हेतू नव्हता, असंही सांगितलं. हे मला खरं वाटतं, आणि म्हणूनच ते जास्त गंभीर वाटतं. चित्र रंगवताना, तपासताना, मंजूर करताना कितीतरी जणांच्या नजरेखालून ते गेलं असेल, आणि जाहिरातीतली देखणी मुलगी म्हणजे हाच रंग, हे त्या सगळ्यांच्या हातात इतकं मुरलेलं होतं की समोर खरी नाओमी असूनही हात त्याच रंगाकडे गेला. त्याच महिन्यात ती ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. त्या सप्टेंबरमध्ये एका जपानी विनोदी जोडीनं तिला ‘ब्लीचची गरज आहे’ असा विनोद केला, मग त्यांनीही माफी मागितली.

गोरं करण्याच्या या धंद्यानं खुद्द जपानी बायकांचंही नुकसान केलं आहे. २०१३ मध्ये कानेबो कंपनीला गोरेपणाची क्रीमं बाजारातून परत घ्यावी लागली, कारण ती वापरलेल्या सुमारे १९ हजार लोकांच्या त्वचेवर पांढरे चट्टे उठले होते. कानेबोची मालक असलेल्या काओ कंपनीनं २०२१ मध्ये ‘बिहाकु’, म्हणजे सुंदर गोरेपणा, हा शब्दच आपल्या मालावरून काढायचं ठरवलं. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान युनिलिव्हरनं ‘फेअर अँड लव्हली’तलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ केलं होतं. दोन्ही ठिकाणी शब्द गेला. ट्यूब दुकानात आहेच.

टीव्हीवर दिसणाऱ्या हाफू चेहऱ्यांमुळे आणखी एक गोष्ट झाकली जाते. जपानमध्ये दरवर्षी जन्मणाऱ्या बाळांपैकी साधारण २ टक्के बाळांचे आई किंवा वडील परदेशी असतात. या परदेशी पालकांमध्ये, विशेषतः आयांमध्ये, चिनी, फिलिपिनो आणि कोरियन फार मोठ्या संख्येनं आहेत. म्हणजे हाफू मुलांचा मोठा भाग आशियाई आहे. त्यांचे चेहरे मासिकात झळकत नाहीत, कारण त्यात ‘परदेश’ विकायला काही सापडत नाही. यांतली बरीच मुलं गर्दीत सहज मिसळतात, आणि मग लपून राहणं हाच त्यांचा मार्ग होतो. आईला शाळेत येऊ नकोस म्हणायचं, कारण तिचे उच्चार ऐकले की कळेल. गोऱ्या हाफूला ‘तू किती छान दिसतेस’ म्हणून बाजूला काढलं जातं, काळ्या हाफूला तोंडावर परकं म्हटलं जातं, आणि आशियाई हाफूला तो हाफू आहे हे सांगायचीच भीती वाटते. हाफू मॉडेलांच्या यशाकडे बोट दाखवून ‘आता सगळं बदललं’ म्हणणाऱ्यांना हा तिसरा गट दिसत नाही.

मग जपानी कोण? कायद्यानं याचं उत्तर काळानुसार बदलत गेलं. १९८४ पर्यंत नागरिकत्व बापाकडून येत असे. आई जपानी आणि तिनं परदेशी माणसाशी लग्न केलेलं असेल, तर मूल जपानी नागरिक नव्हे. १ जानेवारी १९८५ पासून आईकडूनही नागरिकत्व मिळू लागलं. पण दोन देशांचे पासपोर्ट असलेल्या मुलानं मोठं झाल्यावर एक देश निवडावा, हा नियम आजही आहे. लोकांच्या मनातलं उत्तर मात्र रक्ताचंच आहे. २०२० च्या जानेवारीतसुद्धा तारो आसो यांच्यासारख्या उपपंतप्रधानानं जाहीर सभेत म्हटलं, की दोन हजार वर्षं एकच वंश टिकलेला असा दुसरा देश नाही. आदल्याच वर्षी त्यांच्याच संसदेनं उत्तरेकडच्या ऐनू लोकांना देशाचे मूलनिवासी म्हणून मान्यता देणारा कायदा केला होता. सभेच्या दुसऱ्या दिवशी आसोंनी माफी मागितली.

रक्ताचं हे माप किती तकलादू आहे, ते २०२४ मध्ये दिसलं. कॅरोलिना शिइनो ‘मिस जपान’ झाली. आईवडील युक्रेनी, पाच वर्षांची असताना ती नागोयाला आली, तिथेच शिकली, २०२२ मध्ये जपानी नागरिक झाली. तिच्यात जपानी रक्त अजिबात नाही. पुन्हा वाद पेटला. काहींचा आक्षेप तोच जुना. काहींनी मात्र वेगळा प्रश्न विचारला: हिच्याऐवजी सावळी मुलगी असती, तर परीक्षकांनी तिला निवडलं असतं का? काही दिवसांतच एका विवाहित पुरुषाशी असलेल्या संबंधांची बातमी आली आणि तिनं मुकुट परत केला. वाद तिथेच अर्धवट राहिला, तो प्रश्नही राहिला.

दिसण्यापलीकडे जाऊन स्वीकार मिळवणारी माणसं आहेत, हेही नोंदवलं पाहिजे. डेनी तामाकी २०१८ मध्ये ओकिनावाचे राज्यपाल म्हणून निवडून आले. त्यांचे वडील अमेरिकी सैनिक, ज्यांना त्यांनी कधी पाहिलंच नाही. योगेंद्र पुराणिक हे अंबरनाथचे, पुण्यात शिकलेले मराठी गृहस्थ. जपानी नागरिक झाल्यावर २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा भागातून, जिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, ते नगरसेवक म्हणून निवडून आले आणि नंतर इबाराकी प्रांतात एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. ते हाफू नाहीत, पण ‘जपानी दिसत नाही’ अशा माणसाला मतपेटीतून होकार मिळू शकतो, हे त्यांच्याकडे पाहून कळतं. मतदारानं त्यांना रस्ते, शाळा, कचरा याबद्दल काय म्हणणं आहे ते विचारलं. नाक कसं आहे ते विचारलं नाही.

तोक्यो ऑलिंपिकमध्ये, जुलै २०२१ ला, ज्योत पेटवली नाओमी ओसाकानं. झेंडा धरणाऱ्या दोघांत एक होता बास्केटबॉलपटू रुई हाचिमुरा, तोयामाचा, वडील आफ्रिकेतल्या बेनिनचे. जगाला दाखवायला याहून चांगलं चित्र नव्हतं. त्याच्या दोनच महिने आधी हाचिमुराच्या भावानं स्वतःला आलेला वंशद्वेषी मजकूर जाहीर केला होता आणि असे संदेश जवळजवळ रोजच येतात असं हाचिमुरानं म्हटलं होतं. नाओमी तिसऱ्या फेरीत हरली तेव्हा इंटरनेटवर प्रश्न आले, की हिला ज्योत पेटवायला दिलीच का.

या सगळ्याची मोजदाद मात्र कुठेच नाही. जपानच्या जनगणनेत नागरिकत्व विचारतात, वंश विचारत नाहीत. त्यामुळे आरियाना, नाओमी, वेण्या घातलेला तो हिमेजीचा मुलगा, सगळे सरकारी आकडेवारीत नुसते ‘जपानी’ आहेत. ऐकायला हे छान वाटतं. पण घर भाड्यानं देताना, नोकरीत, पोलिसांनी रस्त्यात थांबवून ओळखपत्र मागण्यात त्यांच्या वाट्याला वेगळी वागणूक येते का, हे त्या आकड्यांवरून कधीच दाखवता येत नाही. वंशभेदाला सरसकट बंदी घालणारा कायदा देशात नाही. २०१६ मध्ये द्वेषपूर्ण भाषणाविरुद्ध कायदा झाला, त्यात शिक्षेची तरतूद नाही. ज्याला अन्याय झाला असं वाटतं त्यानं वकील करायचा, एकट्यानं दिवाणी दावा लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची.